रिॲक्टिव्ह आर्मरला सक्रिय संरक्षण म्हणू नका
रणगाड्यावर विटांसारखे चौकोनी डबे दिसले, की छायाचित्राखाली हमखास ‘सक्रिय संरक्षण प्रणाली’ असे लिहिलेले सापडते. ते डबे रिॲक्टिव्ह आर्मरचे असतात. मराठीत त्याला सरळ ‘स्फोटक चिलखत’ म्हणावे, असे माझे ठाम मत आहे. धातूच्या दोन पत्र्यांमध्ये स्फोटकाचा थर, ही त्याची रचना बहुतेकांना ठाऊक असते. १९८२ च्या लेबनॉन युद्धात इस्रायली रणगाड्यांवर ते होते.

खरा घोळ होतो तो क्षणाचा. विटेला काहीच दिसत नाही. अस्त्र आधी आदळते, त्याच्या शेप्ड चार्जमधून, म्हणजे धातूचे अस्तर लावलेल्या पोकळ शंकूच्या स्फोटकातून, सेकंदाला आठ-दहा किलोमीटर वेगाने धातूची धार सुटते, ती विटेत शिरते आणि तिच्याच धक्क्याने वीट फुटते. उडणारे पत्रे त्या धारेला तिरके कापत जातात. वीट तिरकी बसवतात ती याचसाठी, कारण धार काटकोनात शिरली तर हा परिणाम पुष्कळ घटतो. उरलेला घाव मूळ चिलखतालाच सोसावा लागतो.

सक्रिय संरक्षणात अस्त्र अजून हवेतच असते. इस्रायलच्या ‘ट्रॉफी’चे चार रडार अँटेना त्याचा मार्ग टिपतात, ते रणगाड्याला लागणार की बाजूने जाणार याचा हिशेब होतो आणि लागणार असेल तरच धातूच्या तुकड्यांचा मारा करून ते वाटेतच संपवले जाते. मार्च २०११ मध्ये गाझा सीमेवर मेर्कावा-४ रणगाड्याचा असा बचाव झाला. नेम चुकलेल्या अस्त्राकडे दुर्लक्ष करणे, हे विटेला सुचणारच नाही, कारण तिला काही सुचतच नाही.

शत्रूने काढलेल्या तोडी पाहिल्या, तर शंका उरू नये. विटेविरुद्ध टँडम स्फोटशीर्ष आले: पुढचा छोटा स्फोट वीट खर्ची पाडतो, मागचा मोठा चिलखत भेदतो. रडारविरुद्ध मात्र रशियाने आरपीजी-३० या खांद्यावरून डागायच्या रणगाडाविरोधी रॉकेट-लाँचरमध्ये मुख्य रॉकेटच्या पुढे एक फसवे रॉकेट सोडण्याची सोय केली. फसवायला समोर पाहणारा कोणीतरी लागतो.

वजन, किंमत वगैरे फरक उघड आहेत. रशियन टी-९० रणगाड्याच्या तोफेशेजारचे ‘श्तोरा’ प्रणालीचे लाल दिवे मात्र वेगळे सांगायला हवेत: ते काहीही पाडत नाहीत, फक्त क्षेपणास्त्राच्या मार्गदर्शनात गोंधळ घालतात. त्यांना सक्रिय संरक्षणात मोजतात, ते मला मान्य आहे, पण ‘सॉफ्ट-किल’ (न पाडता चकवणारे) हा शब्द वगळून नव्हे. साध्या आरपीजी-७ ला मार्गदर्शनच नसते, त्यामुळे त्याच्यापुढे हे दिवे निरुपयोगी आहेत.