पीएसजीमधलं 'सेंट जर्मेन' नेमकं कुठलं? दोन सँ-जर्मँची भानगड

पॅरिसला गेलेला फुटबॉलवेडा माणूस मेट्रोच्या ४ नंबर लाईनवर सँ-जर्मँ-दे-प्रे असं स्टेशन बघतो आणि त्याला वाटतं, सापडलं, आपल्या पॅरिस सेंट जर्मेन (पीएसजी) या फुटबॉल क्लबचं गाव हेच! उतरतो, फोटो काढतो, महागडी कॉफी पितो आणि खुश होऊन परत जातो. पण क्लबच्या नावातलं सेंट जर्मेन ते नाहीच. ते आहे सँ-जर्मँ-आँ-ले, पॅरिसच्या मध्यापासून पश्चिमेला साधारण १९-२० किलोमीटरवरचं उपनगर, इवलीन जिल्ह्यातलं, वस्ती ४५ हजारांच्या आसपास. पुढे मी एकाला 'दे-प्रे' आणि दुसऱ्याला 'आँ-ले' एवढंच म्हणतो, नाहीतर लिहिणारा पण दमेल आणि वाचणारा पण.

क्लबचं आधी संपवून टाकू. आँ-लेमध्ये १९०४ पासूनचा स्ताद सँ-जर्मँ नावाचा क्लब होता, आणि पॅरिसमध्ये पॅरिस एफसी नावाचा नवाकोरा क्लब होता ज्याच्याकडे नाव होतं पण टीम नव्हती. १९७० मध्ये दोघं एकत्र आले आणि पॅरिस सेंट जर्मेन झालं. म्हणजे उद्या कुणी 'मुंबई ठाणे एफसी' काढावा तसं. दोनच वर्षांत भांडण होऊन वेगळे पण झाले, पॅरिस एफसी पहिल्या डिव्हिजनमध्ये राहिला आणि पीएसजी घसरला थेट तिसऱ्या डिव्हिजनला, मग १९७४ ला वर आला आणि पार्क दे प्रँस या पॅरिसमधल्या स्टेडियमवर खेळायला लागला. प्रॅक्टिसचं मैदान मात्र २०२३ पर्यंत आँ-लेच्या जंगलातच होतं, आता ते शेजारच्या प्वासीला गेलं. क्लबचा जुना लोगो आठवतोय का? आयफेल टॉवरच्या खाली एक पाळणा असायचा, तो २०१३ मध्ये काढला. तो पाळणा कुणाचा ते खाली येतंच आहे.

आता गोंधळ व्हायला खरं कारण पण आहे, कारण दोन्हीकडचा संत एकच. जर्मँ हा सहाव्या शतकातला पॅरिसचा बिशप, ५७६ मध्ये वारला. (लूव्रच्या समोर सँ-जर्मँ-लोक्सेरवा म्हणून चर्च आहे, तो जर्मँ वेगळाच, त्याच्या नादाला सध्या लागू नका.) दे-प्रेमधला मठ राजा शिल्डबेरनं बांधायला घेतला आणि या जर्मँला तिथेच पुरलं. तेव्हा तिथे नदीकाठची कुरणं होती, शहर दूर. नंतर व्हायकिंग लोकांनी मठ लुटला-जाळला, हजार सालाच्या आसपास नवा मनोरा उभा राहिला जो आजही आहे आणि पॅरिसमधल्या सगळ्यात जुन्या मनोऱ्यांपैकी एक आहे. पुढे पॅरिसभोवती दगडी तट बांधला तेव्हाही हा मठ तटाच्या बाहेरच राहिला! म्हणजे मजा बघा, त्या काळात वेशीबाहेरची वस्ती कुठली, तर दे-प्रे. आज जे पॅरिसचं अगदी पोटातलं वाटतं ते शेकडो वर्षं बाहेर होतं, मग शहर वाढत वाढत आलं आणि त्याला गिळून बसलं.

आँ-लेला पॅरिस गिळू शकलं नाही. एक तर अंतर, मध्ये सेन नदीची वळणं, आणि दुसरं म्हणजे तिथे शेतकरी-भिक्षूंपेक्षा मोठा मालक बसला होता, फ्रान्सचा राजा. नदीच्या वर उंच कडा, मागे शिकारीचं प्रचंड जंगल (आजही साडेतीन हजार हेक्टर आहे), राजाला अजून काय पाहिजे? ११२० च्या दशकात सहाव्या लुईनं गढी बांधली, नववा लुई म्हणजे संत लुई यानं १२३० च्या दशकात तिथे चॅपल बांधलं, जे पॅरिसच्या सुप्रसिद्ध सँत-शापेलच्याही आधीचं आहे पण तिकडे रांग असते आणि इकडे कुणी फिरकत नाही. १३४६ मध्ये इंग्लंडच्या युवराजानं, म्हणजे ब्लॅक प्रिन्सनं, वाडा जाळला, चॅपल वाचलं. १५३९ पासून पहिल्या फ्रान्स्वानं सगळं नव्यानं बांधून घेतलं, आज जो विटा आणि दगडाचा पाचकोनी वाडा दिसतो तो मुख्यतः त्याचा. त्याच्याजवळच कड्यावर अजून एक 'नवा वाडा' झाला आणि तिथे ५ सप्टेंबर १६३८ ला चौदावा लुई जन्मला. गावाच्या चिन्हावर पाळणा आहे आणि ही तारीख सुद्धा आहे, आणि तोच पाळणा क्लबच्या लोगोत गेला होता. नवा वाडा अठराव्या शतकात पाडला, त्यातला एक तुकडा उरलाय, त्याला पाव्हियों आँरी कात्र म्हणतात, तिथे आता हॉटेल आहे आणि बेअरनेज सॉस तिथल्याच किचनमध्ये जन्मला असं तिथले लोक छाती काढून सांगतात.

लुई दहा वर्षांचा असताना पॅरिसमध्ये बंडाळी झाली, तेव्हा जानेवारी १६४९ मध्ये आई त्याला घेऊन रातोरात इकडेच पळून आली. थंडीत वाडा रिकामा, फर्निचर नाही, राजघराण्यातले लोक गवताच्या पेंढ्यावर झोपले! पॅरिसबद्दलची त्याच्या मनातली अढी कधी गेलीच नाही असं इतिहासकार सांगतात, आणि मला ते पटतं. मोठा झाल्यावर बरीच वर्षं दरबार आँ-लेलाच होता, बागवाला ल नोत्र यानं तिथे जवळजवळ २.४ किलोमीटर लांबीची गच्चीसारखी टेरेस बांधली, तिच्यावरून आज ला देफाँस या ऑफिसांच्या भागातले टॉवर आणि मागे पॅरिस दिसतं. मग १६८२ ला साहेब व्हर्सायला गेले आणि सगळा दरबार मागोमाग.

गावाचं काय झालं? रिकामा वाडा लुईनं गादी गेलेल्या इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्सला राहायला दिला, तो सगळा लवाजमा घेऊन आला आणि १७०१ मध्ये तिथेच मेला, समोरच्या चर्चमध्ये त्याचं स्मारक आहे. क्रांतीनंतर वाड्यात नेपोलियनची घोडदळाची शाळा, मग १८३६ पासून चक्क लष्करी तुरुंग. शेवटी तिसऱ्या नेपोलियननं तो दुरुस्त करायला घेतला आणि पुराणवस्तूंचं राष्ट्रीय म्युझियम केलं, १८६७ ला उघडलं. त्यात हस्तिदंतातला साडेतीन सेंटीमीटरचा एक बाईचा चेहरा आहे, ब्रासँपुईची बाई म्हणतात, वीस हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. एवढीशी वस्तू, पण सगळ्या वाड्यातली सगळ्यात भारी गोष्ट तीच, हे माझं मत.

राजा गेला तरी गाव उपनगर झालं नव्हतं, ते केलं रेल्वेनं, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. पॅरिसहून निघालेली पहिली प्रवासी रेल्वे १८३७ मध्ये सुरू झाली (आपली बोरीबंदर-ठाणे १८५३ ची) आणि ती आँ-लेसाठीच होती, फक्त पोचत नव्हती! नदीच्या अलीकडे ल पेकला थांबायची, कारण पुढचा चढ तेव्हाच्या इंजिनाला झेपेल असं वाटत नव्हतं. दहा वर्षांनी त्यावर उपाय काढला तो असा, की रुळांच्या मधोमध लोखंडी पाईप, पाईपात दट्ट्या, वर स्टीम पंपानं पाईपातली हवा ओढायची आणि मागच्या हवेच्या दाबानं दट्ट्या गाडीला ढकलत वर नेणार. उतरताना काहीच नको, उतारानं आपोआप. दट्ट्या गाडीला जोडायचा म्हणून पाईपाला वरून फट, आणि ती फट बंद ठेवायला चामड्याची झडप. १८४७ ते १८६० हे खरंच चाललं, तोवर इंजिनं दणकट झाली आणि पाईप भंगारात गेला. आज आरईआर ए लाईनचा (आरईआर म्हणजे पॅरिसची लोकल) तिकडचा मार्ग त्याच जुन्या लाईनचा आहे.

तेवढ्यात १८६२ मध्ये तिथे संगीतकार क्लोद दब्युसी जन्मला, आईबापांचं काचसामान-क्रोकरीचं छोटं दुकान होतं, ते घर आता म्युझियम आहे. आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी इकडे लक्ष द्या, १० सप्टेंबर १९१९ चा सेंट जर्मेनचा तह, ज्यात ऑस्ट्रियाचं साम्राज्य अधिकृतपणे मोडलं आणि सैन्य ३० हजारांवर आणलं, तो याच वाड्यात झाला. दे-प्रेच्या कॅफेत नाही. व्हर्सायचा तह जर्मनीशी, हा ऑस्ट्रियाशी, एवढं डोक्यात ठेवा.

स्वभावानं दोन्ही जागा अगदी वेगळ्या. दे-प्रेचं नाव झालं ते दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास, सार्त्र आणि सिमोन द बोव्हार हे तत्त्वज्ञ-लेखक कॅफे द फ्लोर आणि दे मागोमध्ये बसून लिहायचे, तळघरांमध्ये जॅझ वाजायचा. आता त्या जागी ब्रँडेड दुकानं आणि टुरिस्ट, तत्त्वज्ञ शोधून सापडणार नाही, अपवाद एक, देकार्त चर्चमध्ये पुरलेला आहे, तोही बिनकवटीचा, कवटी दुसऱ्या म्युझियममध्ये आहे! आँ-ले मात्र खरंखुरं राहतं गाव. पॅरिसचं उपनगर म्हटलं की बातम्यांमधले सिमेंटचे उंच ठोकळे आणि जळलेल्या गाड्या डोळ्यांसमोर येतात, पण पश्चिमेकडची उपनगरं बरीचशी पैसेवाली आहेत आणि हे त्यातलं ठळक उदाहरण. १९५२ मध्ये नाटोच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी इथे शाळा निघाली, तीच आज लिसे इंटरनॅशनल, वेगवेगळ्या देशांचे सेक्शन आहेत, त्यामुळे बाजारात चार भाषा सहज कानावर पडतात. संध्याकाळी लवकर शांत होतं, थोडं शिष्ट वाटतं, हे पण खरं.

जायचं असेल तर आरईआर ए पकडा, पण बोर्ड बघून, कारण ही लाईन पुढे फुटते आणि चुकीच्या गाडीत बसलात तर प्वासी नाहीतर सेर्जीला पोचाल. शेवटचं स्टेशन, वर आलात की वाडा समोरच. जानेवारी २०२५ पासून आरईआरचं सिंगल तिकीट मेट्रोच्याच दराचं झालंय, त्यामुळे लांब आहे म्हणून महाग पडेल ही भीती नको. फक्त मंगळवारी जाऊ नका, म्युझियम बंद असतं.