स्कोअर 780, तरी बँकेने फाइल परत का पाठवली?

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या आमच्या कारखानदार ग्राहकांकडून सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची मर्यादा) वाढवताना हा प्रश्न हमखास येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

सिबिलचा 300 ते 900 मधला स्कोअर तुमचा स्वतःचा. तुम्ही घराचे, गाडीचे, कार्डाचे हप्ते कसे भरले, ते तो सांगतो. धंद्याला सिबिल 1 ते 10 अशी वेगळी रँक देते आणि तिथे 1 सर्वांत चांगली. रँक 8 आली म्हणून खूश होऊन आलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत. त्यावर बँकेचं स्वतःचं रेटिंग असतं: ताळेबंद, भांडवलाच्या मानाने कर्ज किती, खात्यातली उलाढाल, सगळं जॉबवर्क एकाच कंपनीचं तर नाही ना. क्रिसिल, इक्रा, केअर या रेटिंग संस्थांचं रेटिंग मोठ्या कर्जांना लागतं. त्यांचं काम पडलं तर समक्ष बोलू.

खरी अडचण स्टॉक स्टेटमेंटची, म्हणजे साठा, येणी आणि देणी दाखवणाऱ्या बँकेला द्यायच्या कागदाची आहे. बहुतेक ठिकाणी मागच्या महिन्याचाच कागद काढून चार आकडे बदलले जातात. साठा आणि येणी यांतून देणी आणि मार्जिन (तुमचा स्वतःचा वाटा) वजा करून बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे लिमिटमधून प्रत्यक्ष किती रक्कम उचलता येईल ते, काढते. बहुतेक बँका 90 दिवसांहून जुनी येणी त्यात धरत नाहीत. मार्चच्या स्टेटमेंटमध्ये साठा 62 लाख आणि ताळेबंदात 41 लाख दिसला, की अधिकारी खुलासा मागतो, तुम्ही सीएकडे धावता, सीए टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडतो आणि तीन आठवडे जातात. शिवाय रेटिंगमध्ये तुमच्या आकड्यांवरचा विश्वास उतरतो, तो वेगळाच. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंट हिशोबाच्या वह्यांशी जुळतात का, हे 1 एप्रिल 2021 पासून ताळेबंदाच्या टिपांत सांगावंच लागतं.

म्हणून आम्ही बारा महिन्यांचे जीएसटी रिटर्न आणि टॅलीचा डेटा हातात आल्याशिवाय फाइल पुढे पाठवत नाही. काहींना ही अडवणूक वाटते. पण आकडे इथेच जुळवले की बँकेचे प्रश्न निम्म्यावर येतात, हा आमचा अनुभव आहे. अंदाजाचा आकडा आम्ही लिहून देत नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

आमची फी ठरावीक आहे. मंजूर रकमेवर टक्केवारी घेत नाही. रिन्युअलच्या दोन महिने आधी या. मागच्या तीन स्टॉक स्टेटमेंटच्या प्रती आणा, त्या आम्ही विनामूल्य तपासून देतो.