सरकारी संशोधन अहवालाची प्रत हवी असेल तर अर्ज कसा करायचा

उत्तराखंडातल्या जोशीमठची जमीन १२ दिवसांत ५.४ सेंटिमीटर खचल्याचं जानेवारी २०२३मध्ये इस्रोच्या उपग्रहचित्रांवरून कळलं. लगेचच तो अहवाल संकेतस्थळावरून हटला आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने या विषयावर माध्यमांशी बोलू नका, असं संस्थांना कळवलं. अशा वेळी शास्त्रज्ञाला फोन करून त्याला अडचणीत आणू नये. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ प्रमाणे सरकारी नोकराला सरकारी धोरणावर जाहीर टीका करता येत नाही. मात्र त्याच नियमांतला ११वा नियम माहिती अधिकार (आरटीआय) कायद्यानुसार माहिती द्या, असं सांगतो. म्हणून अर्ज माणसाकडे नाही, कार्यालयाकडे करायचा.

आधी एकदा शोधून पाहा. पीएचडीचे बरेच प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

अर्ज कोणताही भारतीय नागरिक करू शकतो. तो स्वतःच्या नावाने करा, संस्थेच्या लेटरहेडवर नको. ओळखपत्र लागत नाही, माहिती कशाला हवी हेही सांगावं लागत नाही. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. केंद्रीय संस्थेला कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, हे आपल्याकडे हमखास चुकतं. पोस्टल ऑर्डर लावा किंवा आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरून पैसे भरा.

खरी गोम अर्जाच्या भाषेत आहे. ‘अहवाल का दडपला?’ असं विचारलंत, तर ‘ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी लिहा: ‘अमुक प्रकल्पाच्या अंतिम अहवालाची परिशिष्टांसह प्रत, मंजूर निधीचा आदेश आणि अहवाल प्रसिद्ध करण्याबाबतच्या टिपणीची प्रत द्यावी.’ प्रतीला पानामागे २ रुपये. फाइल जाडजूड असेल तर आधी पाहणी मागा. पहिला तास फुकट असतो.

उत्तराची मुदत ३० दिवस. नकार बहुधा कलम ८(१)(अ), म्हणजे देशाचं वैज्ञानिक वा आर्थिक हित, किंवा ८(१)(ड), म्हणजे व्यापारी गुपित, यांवर बोट ठेवून येतो. गोपनीय भाग वगळून उरलेलं द्या, अशी मागणी कलम १०खाली करता येते. डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था मात्र भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप सोडले तर कायद्याबाहेरच आहे.

नकार आला तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करा. केंद्रात त्याला शुल्क नाही. तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोग. उदाहरणार्थ, पश्चिम घाटावरचा गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे गेला आणि तिथेच पडून राहिला. एका नागरिकाने अर्ज केला, नकारानंतर अपिलं केली. एप्रिल २०१२मध्ये आयोगाने अहवाल द्यायला सांगितलं. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, मे महिन्यात हरलं, आणि काही दिवसांतच अख्खा अहवाल संकेतस्थळावर आला.