एक्स्पोसितो: टाकलेल्या मुलांचं आडनाव आणि त्याचा फसवा नकाशा

स्पॅनिश आडनावांवर बोलणं निघालं की गार्सिया, फर्नांदेस, रोद्रिगेस यांच्यापुढं गाडी सरकत नाही. एक्स्पोसितो हे आडनाव त्या पंगतीतलं नाही. त्यात बापाचं नाव नाही, गावाचं नाही, धंद्याचंही नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘बाहेर ठेवलेला’. चर्चच्या पायरीवर, इस्पितळाच्या दाराशी, कुणाच्या तरी उंबऱ्यावर रात्री ठेवून दिलेलं मूल म्हणजे एक्स्पोसितो. आईबापांच्या जागी लिहायला काहीच नसलं की पाद्री हा शब्द लिहून मोकळा होई, आणि मूल जगलंवाचलं तर तोच शब्द आडनाव म्हणून जन्मभर चिकटे.

इतपत कुठंही वाचायला मिळतं. घोटाळा पुढं होतो. आजच्या स्पेनचा आडनावांचा नकाशा उघडायचा, एक्स्पोसितो कुठं दाट आहेत ते बघायचं आणि ‘इथं मुलं जास्त टाकली जात होती’ असा निकाल देऊन टाकायचा, ही रीत वंशावळी शोधणाऱ्या हौशी मंडळींत चांगलीच रुळली आहे. हा निकाल टिकत नाही. कारण हे आडनाव किती जणांना मिळालं, त्यांतले किती जगले आणि जगलेल्यांपैकी किती जणांनी ते पुढं ठेवलं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आजचा नकाशा फार तर तिसऱ्याचं उत्तर देतो, तेही अर्धवट.

जुना काळ थोडक्यात. मुलं टाकण्याची चाल रोमन काळापासूनची. स्पेनमध्ये त्यांच्यासाठी मोठी घरं उभी राहिली ती पंधराव्या-सोळाव्या शतकात. तोलेदोचं सांता क्रूस इस्पितळ एका कार्डिनलच्या इच्छापत्रातून अशाच मुलांसाठी बांधलं गेलं. माद्रिदमध्ये एका धार्मिक मंडळानं १५७२ च्या सुमारास काम हाती घेतलं. तिथं हॉलंडच्या एन्क्हाउझन गावाहून आणलेली मरियमची प्रतिमा होती म्हणतात. माद्रिदच्या लोकांच्या तोंडी त्या गावाचं ‘इन्क्लुसा’ झालं, मग त्या घराचं नाव इन्क्लुसा पडलं आणि पुढं देशभरातल्या अशा सगळ्याच घरांना लोक इन्क्लुसा म्हणू लागले. तिथं वाढलेला तो ‘इन्क्लुसेरो’. ही चक्क शिवी होती.

या घरांच्या भिंतीत ‘तोर्नो’ असे. उभ्या आसावर फिरणारं लाकडी पिंप, एका बाजूनं उघडं. बाहेरून मूल आत ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटी वाजवायची आणि अंधारात निघून जायचं. आतल्या बाईला बाहेरचं तोंड दिसत नसे. बाळासोबत कधी चिठ्ठी असे, बाप्तिस्मा झाला आहे की नाही एवढं सांगणारी. कधी रिबिनीचा तुकडा, तर कधी अर्धा कापलेला खेळायचा पत्ता. उरलेला अर्धा आईकडे. दिवस पालटले की तो आणून जुळवायचा आणि मूल परत न्यायचं, अशी आशा. कारकून या खुणा वहीत टाचून ठेवी. मूल टाकणारी म्हणजे अविवाहित आई हा समजही इथंच सैल करायला हवा. लग्नाच्या जोडप्यांची मुलंही तोर्नोत येत, विशेषतः धान्य महागलं त्या वर्षांत.

आत आलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या काही वर्षांत दगावत. काही घरांत, काही वर्षी याहून कितीतरी अधिक. दूध पाजणाऱ्या दाया घरात पुरत नसत, म्हणून मुलं आसपासच्या खेड्यांतल्या दायांकडे महिन्याच्या पगारावर पाठवली जात. जी जगली ती बरीचशी तिथंच, शेतावर. काहींना दाईच्या घरानंच मूल मानलं आणि घरचं आडनाव दिलं. म्हणजे शहराच्या वहीत एक्स्पोसितो असलेला पोरगा खेड्यात दुसऱ्याच आडनावानं म्हातारा झाला. आडनाव गळण्याची ही पहिली जागा.

सगळीकडे एक्स्पोसितोच लिहीत असंही नाही. कुठं दे ला क्रूस, कुठं दे दिओस, कुठं सांता मारिया, कुठं इग्लेसिया. कातालोनियात ‘देउलोफेउ’, म्हणजे देवानं घडवलेला. ज्या प्रांतातल्या घरात ही पद्धत होती तिथल्या टाकलेल्या मुलांचे वंशज आज एक्स्पोसितोच्या नकाशावर दिसणारच नाहीत.

आता १७९४. या आडनावाच्या इतिहासात सगळ्यात जास्त वाद झाला तो त्या वर्षीच्या राजाज्ञेवर, आणि माझ्या मते तिला मिळालेलं श्रेय जरा जास्तच आहे. त्या वर्षी जानेवारीत राजानं जाहीर केलं की आईबाप माहीत नसलेली सगळी टाकलेली मुलं, आजची आणि पुढं येणारीही, राजाच्या अधिकारानं सर्व नागरी बाबींत औरस समजली जातील. त्यांना ‘सामान्य वर्गातले भले लोक’ या दर्जात धरावं. त्यांना अनौरस, हरामी, व्यभिचारातून झालेला वगैरे म्हणणाऱ्यावर बदनामीबद्दल कारवाई व्हावी. त्यानं न्यायालयात शब्द मागं घ्यावेत आणि वर दंड भरावा. शिव्यांची यादी आज्ञेतच दिली आहे. त्या काळाच्या मानानं हे धाडसच होतं, कारण अनौरस ठरलेल्याला कारागिरांच्या संघापासून पाद्रीपणापर्यंत बरीच दारं बंद असत.

शिक्षेबद्दलचं कलम मात्र फारसं कुणी उद्धृत करत नाही. एक्स्पोसितोनं गुन्हा केला तर त्याला भर चौकातली नाचक्की, फटके किंवा फाशी देऊ नये; तशाच गुन्ह्यात प्रतिष्ठितांना जी शिक्षा होते ती द्यावी. कारण काय, तर हा एखाद्या थोर घराण्यातला असू शकतो! आज्ञेमागची खरी चिंता इथं उघडी पडते. दया होतीच, पण न जाणो कुणा उमरावाचं रक्त भर बाजारात फटके खाईल, ही धास्तीही होती. टाकलेल्या मुलाच्या बाजूनं हा कायदा उभा राहिला तो त्याच्या अज्ञात बापाचा मान राखत.

आणखी एक गोष्ट. आज्ञेनं शिव्यांवर बंदी घातली, पण एक्स्पोसितो हा शब्द स्वतः राजाच तीत जागोजागी वापरतो. शब्द सरकारी होता, म्हणून तो शिवी नव्हता. गावात मात्र हाक मारताना हा फरक कोण करणार? ज्याच्या आडनावातच सगळं आलं आहे त्याला हरामी म्हणायची गरज काय? डाग पुसण्याचा हुकूम निघाला आणि डागाचं नाव वहीत पक्कं झालं. राजाज्ञेची बाजू घेणारे म्हणतात की नावाला कायद्यानं प्रतिष्ठा दिली, मग ते बदलायचं कशाला. तर्क म्हणून ठीक. पण ज्यांना ते नाव वागवावं लागलं त्यांनी संधी मिळताच काय केलं, ते पुढं येतंच.

१७९६ च्या नियमावलीचं मोल मला अधिक वाटतं, जरी तिची चर्चा कमी होते. मूल घेऊन घराकडे जाणाऱ्या माणसाला वाटेत अडवू नये, चौकशी करू नये, असं तीत होतं. मुलं रस्त्यावर न मरता घरापर्यंत पोचावीत हा साधा हेतू. पुढं त्याच राजाच्या कारकिर्दीत, १८०३ च्या नोव्हेंबरात, ला कोरुन्याहून देवीची लस घेऊन एक जहाज अमेरिकेकडे निघालं. लस ताजी राहावी म्हणून ती एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी नेली गेली. त्यासाठी नेलेले २२ मुलगे अनाथालयांतलेच होते. राजा आता त्यांचा बाप होता ना.

अमेरिकेतल्या वसाहतींत १७९४ ची आज्ञा पोचली तेव्हा प्रश्न औरस-अनौरस एवढाच उरला नाही. तिथं रंगावर सगळं ठरे. आईबाप अज्ञात, म्हणून मूल चांगल्या घरचं धरायचं. चांगल्या घरचं म्हणजे गोरं. मग मिश्र वंशाचं मूलही या वाटेनं गोऱ्यांत जाणार, म्हणून वसाहतींतले अधिकारी कुरकुर करू लागले. हवानाचं उदाहरण बोलकं आहे. तिथल्या घरातल्या मुलांना एक्स्पोसितोऐवजी संस्थापक बिशपचं वाल्देस हे आडनाव मिळे. प्लासिदो या टोपणनावानं गाजलेला क्यूबन कवी १८०९ मध्ये याच घरात ठेवला गेला. आई स्पॅनिश नर्तकी, बाप मिश्र वंशाचा न्हावी. बाप्तिस्म्याच्या नोंदीत त्याच्यापुढं ‘दिसायला गोरा’ असं लिहिलं आहे. पुढं बापानं त्याला घरी नेलं, पण आडनाव वाल्देसच राहिलं. १८४४ मध्ये गुलामांच्या उठावाच्या कटात गोवून त्याला गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा नोंदवहीतला तो गोरा रंग कामी आला नाही. मेक्सिको शहरातही तसंच: १७६७ मध्ये तिथं घर काढणाऱ्या आर्चबिशपचं लोरेन्साना हे आडनाव मुलांना मिळालं. त्यामुळं क्यूबातल्या वाल्देसांत आणि मेक्सिकोतल्या लोरेन्सानांत काही घराणी तोर्नोतून आलेली आहेत आणि काही नाहीत. आज नुसत्या नावावरून त्यांत फरक करता येत नाही.

बुएनोस आयरेसमध्ये घर निघालं १७७९ मध्ये. खर्च भागवायला व्हाइसरॉयनं जेझुइट पंथाच्या पाद्र्यांचा, अर्जेंटिनातल्याच कोर्दोबा शहरात पडून असलेला छापखाना आणवला आणि १७८० मध्ये तो घराच्या नावानं सुरू केला. पुढं अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्यकाळातली कितीतरी पत्रकं त्याच छापखान्यात छापली गेली. टाकलेल्या मुलांच्या दुधासाठी काढलेल्या यंत्रानं राज्य उलथवायला मदत केली.

परत स्पेनमध्ये. १८७१ पासून नागरी नोंदणी लागू झाली आणि बापाचं एक, आईचं एक अशी दोन आडनावं कागदावर घट्ट बसली. ज्याला दोन्हीपैकी एकही नाही त्याच्या नावापुढं काही वेळा एक्स्पोसितो एक्स्पोसितो असं दोनदा दिसतं. शाळेच्या हजेरीत ते कसं ऐकू येत असेल याची कल्पना करावी. १९२१ मध्ये कायद्यानं सवलत दिली: हे आडनाव बदलायचं असेल तर खर्च पडणार नाही. १९५७ च्या नोंदणी कायद्यातही एक्स्पोसितो आणि तशीच ‘मूळ अज्ञात असल्याचं दाखवणारी’ इतर आडनावं बदलायची सोय वेगळी लिहून ठेवली: घराण्यातलं दुसरं आडनाव घ्या, ते नसेल तर प्रचारातलं कुठलंही.

ज्यांना जमलं त्यांनी बदललं. दुसरं आडनाव पुढं आणणं ही सोपी युक्ती होती. बाईचं आडनाव एक्स्पोसितो असलं तर तिच्या मुलांत ते दुसरं होई आणि नातवंडांत बहुधा नाहीसंच होई, तिथं अर्जाचीही गरज नव्हती. टिकलं ते मुख्यतः मुलग्यांच्या ओळीत आणि अशा घरांत, जिथं सरकारी कचेरीची पायरी चढायला वेळ नव्हता, लिहितावाचता येत नव्हतं, किंवा गावात सगळेच एकमेकांना टोपणनावानं ओळखत असल्यानं कागदावर काय आहे याची कुणाला पर्वा नव्हती. काहींनी ते मुद्दाम ठेवलं असेल, त्यांचं कौतुक. पण १७९४ नं नावाला प्रतिष्ठा दिली असं म्हणणाऱ्यांनी १९२१ ची गरज का पडली हे एकदा सांगावं.

आता नकाशा बघा. आज हे आडनाव आंदालुसियात, त्यातही खाएन प्रांतात, आणि कानारी बेटांवर उठून दिसतं. आंदालुसिया म्हणजे मोठ्या जमीनदाऱ्या आणि भूमिहीन मजूर; गरिबीमुळं मुलं टाकली जात हे खरं, पण गरिबीमुळंच आडनाव बदलण्याचे अर्जही कमी झाले असणार. कातालोनियातल्या बार्सेलोनातही एक्स्पोसितो बरेच भेटतात. ते तिथल्या जुन्या इस्पितळाच्या दारातून आलेले असतीलच असं नाही. १९५० ते १९७५ या काळात आंदालुसियातून लाखो लोक कातालोनियातल्या कारखान्यांकडे गेले, त्यांच्या सामानात हे आडनावही गेलं. कानारी बेटांवरून ते क्यूबा आणि व्हेनेझुएलात पोचलं, कारण बेटांवरचे लोक पिढ्यान् पिढ्या तिकडेच जात.

इटलीतल्या एस्पोसितोशी याची गल्लत नेहमी होते. नेपल्सवर दोन शतकं स्पेनचं राज्य होतं, म्हणून ते आडनाव स्पॅनिशांनी नेलं असं सांगणारे भेटतात. त्याची गरज नाही. लॅटिन दोघांकडे होतं, टाकलेली मुलं दोघांकडे होती. नेपल्सच्या अनुन्त्सियाता घरानं हे आडनाव इतकं वाटलं की एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या राजानं ते नव्या मुलांना देण्यावर बंदी आणली. तरी आजही ते नेपल्समधलं सर्वाधिक आढळणारं आडनाव आहे. स्पेनमध्ये एक्स्पोसितो तसं विरळच.

अर्जेंटिनात हे दोन्ही प्रवाह एकत्र आले आणि स्पेलिंगचा विचका झाला. क्ष-सारखा उच्चार असलेलं एक्स्पोसितो बहुधा स्पॅनिश, स असलेलं एस्पोसितो बहुधा नेपल्सकडचं. पण बंदरावरचा कारकून ऐकू येईल तसं लिही, त्यामुळं या ‘बहुधा’वर फार भिस्त ठेवू नये. टँगोची गाणी लिहिणारा ओमेरो एक्स्पोसितो आणि त्यांना चाली लावणारा त्याचा भाऊ विर्हिलिओ यांच्यामुळं तिथं हे नाव मैफिलीत घेतलं जाऊ लागलं. स्पेनमध्ये त्याला असं भाग्य फारसं लाभलं नाही.

स्पेनमध्ये बापाचंच आडनाव आधी हा नियम २०११ च्या कायद्यानं काढला आणि तो बदल २०१७ च्या जूनअखेरीस अमलात आला. आता एका पालकाचं आडनाव एक्स्पोसितो असेल तर ते पहिलं ठेवायचं की दुसरं, हे दोघांनी मिळून ठरवायचं असतं. एकमत झालं नाही तर मुलाचं हित बघून नोंदणी अधिकारी क्रम ठरवतो.