लादी पुसली म्हणजे व्यायाम झाला का?

गरोदर सून संध्याकाळी चालायला निघाली की घरातून हमखास ऐकू येतं, "दिवसभर कामातच असतेस, वेगळा व्यायाम कशाला?" त्याच घरात दुसरा सल्लाही तयार असतो: "खाली बसून लादी पूस, बाळंतपण सोपं जाईल." घाम दोन्हीकडे येतो, दमायला दोन्हीकडे होतं, म्हणून काम आणि व्यायाम एकाच खात्यावर जमा होतात.

घरकामाला अगदीच बाद करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना सांगतात की वैद्यकीय अडचण नसेल तर गरोदरपणात आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल व्हावी. घरकामही त्यात धरता येतं, पण तेवढा जोर लागला तरच. जोर ओळखायची खूण सोपी आहे: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. आता पोळ्या लाटताना कितीजणींना गाणं म्हणता येत नाही? ओट्यापाशी तासभर उभं राहून कंबर भरून येते, पण हृदयाला आणि श्वासाला फारसं काम पडत नाही.

उलट एका जागी उभं राहण्याचा त्रासच जास्त. वाढलेल्या गर्भाशयाचा दाब शिरांवर येतो, रक्त पायांत साचतं, घोटे सुजतात. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि तेच रक्त वर ढकलतात. कंबरेचंही तसंच. संप्रेरकांमुळे सांधे सैलावलेले असतात, पोटाचा भार पुढे ओढत असतो आणि आपण वाकून बादली उचलतो. वीस लिटरची बादली भरली की वीस किलोच्या वर जाते, हे आपल्या लक्षातही येत नाही. काम ठरावीक स्नायूंनाच पुन्हापुन्हा जुंपतं. पाठ, मांड्या आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ठरवून बळकट करणं व्यायामातच जमतं.

लादीचं म्हणाल, तर सवय असलेलीने उकिडवं बसायला हरकत नाही, मांड्या मोकळ्या होतात. पण बाळंतपण सोपं जाण्याची ती हमी नव्हे. बाळाची स्थिती आणि कळांचा जोर काही फरशी बघून ठरत नाही. तोल बदललेल्या बाईने ओल्या फरशीवर घसरण्यापेक्षा उभ्याने मॉप फिरवला तर घराण्याचं काही बुडत नाही.

माझ्या मते खरा फरक आहे तो थांबण्याचा. चालताना धाप लागली तर बाकावर बसता येतं. कामात तसं नसतं. नळाचं पाणी जायची वेळ झालेली असते, पाहुणे दारात असतात. ऊसतोडीच्या फडात तर नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीसाठी एकच जोडी धरली जाते. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, मजुरी टनावर. डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणाऱ्या गरोदर बाईला "थोडा व्यायाम करत जा" म्हणणं ही थट्टाच. तिला हवी विश्रांती आणि पोटभर जेवण. फुरसतीतल्या नियमित व्यायामाने गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका कमी होतो. उलट जड ओझी उचलण्याचा आणि तासन्‌तास उभं राहण्याचा संबंध मुदतीआधीच्या बाळंतपणाशी दिसून आला आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासूनच गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात बाईने विनंती केल्यास तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देऊ नये, अशी तरतूद आहे. फडातल्या बाईने ही विनंती कोणाकडे करायची, ते कायदा करणाऱ्यांनी सांगावं.

दमण्याचं कारण कधी कामही नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर दोन जिने चढूनही धाप लागू शकते. म्हणून चालणं वाढवण्याआधी रक्त तपासून घ्यावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली ही तपासणी मोफत होते.

आणि डॉक्टरांनी व्यायाम बंद सांगितला तर? वार (बाळाला पोसणारा गर्भाशयातला अवयव) खाली, गर्भपिशवीच्या तोंडाशी असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल किंवा गरोदरपणात रक्तदाब चढला असेल, तर असं सांगितलं जातं. घरात मग फक्त फिरणं बंद होतं. ओल्या चादरींची बादली गच्चीवर नेणं "हलकं काम" म्हणून चालूच राहतं. अशा वेळी डॉक्टरांना थेट विचारावं: बादली उचलू का, जिना चढू का, किती वेळ उभी राहू? जमल्यास सासूबाईंना किंवा नवऱ्याला सोबत न्यावं, म्हणजे उत्तर त्यांनाही ऐकू येईल. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, चक्कर, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज किंवा ठरावीक वेळाने कळा, यातलं काहीही दिसलं तर हातातलं काम तिथेच टाकून दवाखाना गाठावा, गॅसवर दूध असलं तरी.