कॅसल रॉक

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील, गोव्याच्या सीमेला लागून असलेले छोटे गाव. सह्याद्रीच्या माथ्यावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर, दाट जंगलात वसले आहे. कोकणी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषा येथे कानावर पडतात. वस्ती लहान, पण स्थानक ऐसपैस. गावाचा इतिहास या विसंगतीतच आहे.

१८७८ साली ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांत करार झाला आणि गोव्यातले मुरगाव बंदर घाटमाथ्याशी रेल्वेने जोडायचे ठरले. मुरगावकडून वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेने आणि लोंढ्याकडून सदर्न मराठा रेल्वेने मीटरगेज रूळ आणले, ते १८८८ मध्ये येथे मिळाले. कॅसल रॉक हे ब्रिटिश हद्दीतले शेवटचे स्थानक ठरले. जकात, सामानाची झडती, पासपोर्ट यांचा सोपस्कार इकडे एकदा आणि खाली पोर्तुगीज हद्दीत कुळ्याला पुन्हा एकदा. गोव्यातून मुंबईला निघालेल्या चाकरमान्याला हे गाव ठाऊक होते ते ट्रंक उघडून दाखवायची जागा म्हणून.

१९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहात येथूनही सत्याग्रही रुळांच्या वाटेने गोव्यात शिरले. त्याच वर्षी भारताने आर्थिक नाकेबंदी केली, गाडी थांबली आणि सीमेवरच्या या स्थानकाचे कामच संपले. गोवामुक्तीनंतर वाहतूक सुरू झाली, पण जकातीचे ठाणे म्हणून असलेले महत्त्व गेले ते गेलेच. १९९० च्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला.

कॅसल रॉक ते कुळे हा सुमारे २६ किलोमीटरचा ब्रागांझा घाट. चढण ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे रेल्वेच्या मानाने फारच खडी. म्हणून चढणाऱ्या गाडीला कुळ्याला मागून जादा इंजिने लागतात, त्यांना रेल्वेवाले 'बँकर' म्हणतात. ती कॅसल रॉकला सुटतात. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक येथे तपासले जातात. करंझोळ, सोनावळी, दूधसागर ही घाटातली स्थानके. पावसाळ्यात गाडी येथे उभी असली की धुक्यात पुढचा डबाही दिसत नाही. दाराशी उभा असलेला चहावाला आधी आवाजाने कळतो. पावसात रुळांकडेच्या गवतात उतरलात तर पायाला जळवा चिकटणार, हे गृहीत धरावे.

रस्ता मात्र दुय्यमच राहिला. रामनगर–अनमोड महामार्गाच्या बाजूने जंगलातून गावात यावे लागते. येथून रुळांवरून चालत दूधसागर धबधबा गाठण्याची हौस पर्यटकांत होती. रेल्वेने त्यावर बंदी घातली असून दंड होतो.

मुरगावहून वर जाणाऱ्या कोळशाच्या गाड्यांसाठी दुहेरी मार्गाचा प्रस्ताव आला. मोले अभयारण्यातील झाडे त्यात जाणार होती, त्यामुळे गोव्यात मोठे आंदोलन झाले. तिनईघाट–कॅसल रॉक–कुळे टप्प्याला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली.