विरघळणारा चोथा आणि न विरघळणारा चोथा: म्हातारपणी आधी कोणता?

वयस्कर माणसाचं पोट साफ होत नसलं की सगळे एकच सांगतात, चोथा (अन्नातला न पचणारा तंतुमय भाग, फायबर) वाढवा. सल्ला खरा आहे, पण अर्धा. चोथ्याचे प्रकार दोन, आणि उतारवयात त्यांची गल्लत त्रासदायक ठरते.

गव्हाचा कोंडा, पालेभाज्यांचे देठ, फळांच्या साली यांतला बराचसा चोथा पाण्यात विरघळत नाही. तो मळाचं आकारमान वाढवतो आणि आतड्याला पुढे ढकलायला लावतो. ओट्स, कडधान्यं, सफरचंदाचा गर, इसबगोल यांत विरघळणारा चोथा भरपूर असतो. तो पाणी धरून बुळबुळीत होतो, मळ मऊ ठेवतो. शिवाय जेवणानंतर साखर सावकाश चढते आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉलही काहीसं उतरतं. बहुतेक पदार्थांत दोन्ही प्रकार असतातच, फक्त प्रमाण वेगळं.

म्हातारपणी तहान कमी लागते, हालचाल मंदावते, लोहाच्या गोळ्या आणि काही वेदनाशामकं मळ घट्ट करतात. अशा माणसाच्या जेवणात एकदम कोंडा घातला आणि पाणी तेवढंच राहिलं, तर पोट फुगतं, मळ आणखी अडतो. म्हणून माझ्या मते सुरुवात विरघळणाऱ्या चोथ्याने करावी. त्यातही इसबगोल वेगळं आहे: आतड्यातले जिवाणू ते फारसं आंबवत नाहीत, त्यामुळे त्याचा ओलावा शेवटपर्यंत टिकतो आणि गॅसही तुलनेने कमी होतो. मात्र ते पूर्ण ग्लासभर पाण्यातच घ्यायचं. गिळायला त्रास असलेल्यांना ते घशात अडकू शकतं, त्यांना देऊच नये. इतर औषधं आणि इसबगोल यांच्यात दोनेक तासांचं अंतर ठेवावं.

दात नाहीत म्हणून भाजी-फळं बंद करू नका. मऊ शिजवली, किसली, घोटली तरी चोथा बहुतांश टिकतो. गाळलेल्या रसात मात्र तो जवळजवळ उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान 25 ग्रॅम चोथा सुचवते. तिथवर काही आठवडे घेत, थोडं थोडं वाढवत जावं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल, आतडं अरुंद झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. शौचातून रक्त जात असेल, वजन विनाकारण घटत असेल किंवा शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर चोथ्याचे प्रयोग करत थांबू नका, तपासणी करून घ्या.